लिंकवर क्लिक होते, टूल मात्र चुकते: कस्टम प्रोटोकॉल नेमका कुठे अडतो

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नागपुरातल्या सहा जणांच्या तुमच्या टीमने इलेक्ट्रॉनवर (वेब-तंत्रातून डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनावर) एक डेस्कटॉप टूल बांधले आहे. कोड तपासणीच्या तुमच्या अंतर्गत वेबपानावर "टूलमध्ये उघडा" असे बटण आहे आणि ते दाबले की टूलने नेमकी फाइल नेमक्या ओळीवर उघडावी, अशी अपेक्षा आहे. त्या बटणामागच्या लिंकची सुरुवात एचटीटीपीएसऐवजी तुम्ही ठरवलेल्या नावाने होते; त्या नावाला स्कीम म्हणतात आणि या व्यवस्थेला कस्टम प्रोटोकॉल. प्रत्यक्षात तुमच्या स्वतःच्या विंडोज संगणकावर इलेक्ट्रॉनची त्रुटीसंदेश दाखवणारी विंडो येते, सहकाऱ्यांकडे प्रत्येक क्लिकला टूलची नवी प्रत सुरू होते, मॅकवर टूल पुढे येते पण फाइल उघडत नाही, आणि ज्या प्रकल्पांच्या फोल्डरला मराठी नाव आहे ते तर कुठेच सापडत नाहीत. शेवटी तुम्ही हेही विचारले आहे की लॉगिन याच लिंकमार्गे करून घ्यावे का.

तुम्ही या सगळ्याला "प्रोटोकॉल चालत नाही" असे एकच नाव दिले आहे, आणि माझ्या मते अडचण तिथूनच सुरू होते. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात डेस्कटॉप टूल बनवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि असे प्रश्न माझ्याकडे आले की मी पहिल्यांदा एवढेच विचारतो की लिंक कोणत्या टेबलावर अडली. सरकारी कार्यालयातल्या अर्जासारखाच लिंकचा प्रवास असतो. आधी त्या नावाचा विभाग अस्तित्वात आहे अशी नोंद असावी लागते, मग अर्ज त्या विभागातल्या माणसाच्या हाती पडावा लागतो, आणि शेवटी त्याने तो नीट वाचावा लागतो. नोंदणी ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते, पोहोचवण्याची पद्धत प्रत्येक सिस्टिमची वेगळी असते, आणि वाचणे सर्वस्वी तुमच्या कोडचे काम असते. तुमची पहिली तक्रार नोंदणीची आहे, दुसरी आणि तिसरी पोहोचण्याची, आणि मराठी फोल्डरची तक्रार वाचण्याची. चारही एकाच ठिकाणी शोधत बसलात तर आठवडा जाईल.

म्हणून दुरुस्तीआधी दोन गोष्टी करा. पहिली, ब्राउझरला वगळून पाहा. विंडोजवर रन खिडकीत लिंक जशीच्या तशी टाका, मॅकवर टर्मिनलमध्ये ओपन या कमांडपुढे द्या, लिनक्सवर एक्सडीजी-ओपन वापरा. तिथे चालले आणि ब्राउझरमधून चालले नाही, तर दोष तुमच्या वेबपानात किंवा ब्राउझरच्या परवानगीत आहे. दुसरी, टूल सुरू होताच, बाकी काहीही करण्याआधी, त्याला मिळालेले सर्व आर्ग्युमेंट (प्रोग्राम सुरू करताना त्याला दिलेला मजकूर) एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ही आपली आवक नोंदवही. आलेला मजकूर न उलगडता, न कापता, जसा आला तसाच नोंदवायचा. मी ही नोंदवही प्रकाशित आवृत्तीतही ठेवतो, फक्त प्रश्नचिन्हापुढचा भाग तेव्हा झाकतो, कारण तिथे काय गोपनीय येईल याचा भरवसा नसतो.

आता तुमच्या संगणकावरची विंडो. विंडोजमध्ये नोंदणी म्हणजे रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) स्कीमच्या नावाची एक की, तिच्यात "यूआरएल प्रोटोकॉल" या नावाचे एक रिकामे मूल्य, आणि तिच्याखाली शेल, ओपन, कमांड अशा पायऱ्या उतरून शेवटी प्रोग्रामचा पूर्ण पाथ व त्यापुढे अवतरणचिन्हांत %1, म्हणजे लिंक बसण्याची जागा. ते रिकामे मूल्य निरुपयोगी वाटते, पण तेच नसेल तर विंडोज त्या कीला प्रोटोकॉल मानत नाही. ही की दोन जागी असू शकते: संपूर्ण संगणकासाठी लोकल मशीनच्या शाखेत आणि एका वापरकर्त्यासाठी करंट युजरच्या शाखेत, दोन्हीकडे सॉफ्टवेअर आणि त्याखाली क्लासेस या पाथवर. क्लासेस रूट नावाने जे दिसते ते या दोहोंचे एकत्रित दृश्य असते, आणि दोन्हीकडे नोंद असेल तर वापरकर्त्याची नोंद वरचढ ठरते.

तुमच्या बाबतीत बहुधा असे झाले आहे. कोड लिहिताना तुम्ही टूल इन्स्टॉल न करता थेट चालवले, आणि कोडमध्ये डिफॉल्ट प्रोटोकॉल क्लायंट म्हणून नोंद करण्याचे इलेक्ट्रॉनचे फंक्शन होते. त्या वेळी चालू असलेला प्रोग्राम तुमचे टूल नव्हतेच, तो नुसता इलेक्ट्रॉन होता, त्यामुळे करंट युजरमध्ये नुसत्या इलेक्ट्रॉनचा पाथ नोंदला गेला. आता लिंकवर क्लिक झाले की इलेक्ट्रॉन सुरू होतो, लिंकलाच ॲपचा पाथ समजतो, आणि असे ॲप सापडत नाही म्हणून तक्रार करतो. तुमच्या इन्स्टॉलरने लोकल मशीनमध्ये केलेली नोंद अगदी बरोबर असली तरी तिच्यापर्यंत गाडी जातच नाही. आमच्याकडे नेमक्या याच कारणाने एकदा दोन दिवस गेले होते, कारण दोष फक्त कोड लिहिणाऱ्यांच्या संगणकांवर दिसत होता आणि ग्राहकांकडे सगळे सुरळीत होते. सहसा याच्या उलट घडते, त्यामुळे आम्ही बराच वेळ भलतीकडेच पाहत राहिलो.

उपाय सरळ आहे. करंट युजरमधली ती की काढून टाका. यापुढे विकसनाच्या स्थितीत नोंद करताना त्या फंक्शनला प्रोग्रामचा पाथ आणि आर्ग्युमेंट म्हणून स्वतःच्या ॲपचा पूर्ण पाथ, दोन्ही स्पष्टपणे द्या. त्याहून बरे म्हणजे विकसनाच्या आवृत्तीसाठी स्कीमच वेगळी ठेवा. व्हीएस कोडने हेच केले आहे. त्याच्या इनसायडर्स आवृत्तीची स्कीम मूळ आवृत्तीपेक्षा वेगळी आहे, म्हणून दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

स्कीमच्या नावाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमचे नाव वाचून मला काळजी वाटली. तुम्ही "टूल" या अर्थाचा नुसता चार अक्षरी रोमन शब्द घेतला आहे. सावजी भोजनालय अशी पाटी नागपुरात कोणीही लावू शकतो आणि आतला रस्सा कोणाच्या हातचा हे पाटीवरून कळत नाही. स्कीमचेही तसेच आहे. संगणकावर कोणताही प्रोग्राम तेच नाव नोंदवू शकतो आणि त्याला कोणी अडवत नाही. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रे; त्यांतल्या 2015 च्या आरएफसी 7595 मध्ये खासगी स्कीमसाठी स्वतःच्या डोमेनचे नाव उलट क्रमाने वापरण्याचा सल्ला आहे, आणि तो मला पटतो. स्कीमची सुरुवात रोमन अक्षरानेच व्हावी लागते आणि पुढे रोमन अक्षरे, अंक, अधिक, संयोगचिन्ह आणि बिंदू एवढेच चालते, असे आरएफसी 3986 सांगते; लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तिथे धरला जात नाही, म्हणून सगळी लहान लिपीतच लिहावी. या उत्तरात मी उदाहरणे देवनागरीत देत आहे ती केवळ वाचनाच्या सोयीसाठी.

मॅकवर नोंदणीचे काम ॲपच्या बंडलमधल्या माहितीच्या फाइलीतून होते. तिच्यात यूआरएल प्रकारांची जी यादी असते ती मॅकमधली लाँच सर्व्हिसेस ही यंत्रणा वाचते. तुमच्या इलेक्ट्रॉनमध्ये हे फक्त पॅकेज केलेल्या ॲपलाच लागू होते, त्यामुळे मॅकवर प्रोटोकॉलची चाचणी पॅकेज न करता करता येत नाही, हे एकदा मान्य करून टाकलेले बरे. तिथे आणखी एक खोडी आहे. ॲपच्या जुन्या प्रती बिल्डच्या फोल्डरात, डाउनलोड्समध्ये किंवा अजून न काढलेल्या डिस्क इमेजवर पडून असतील, तर लाँच सर्व्हिसेस त्यांतली कोणतीही निवडू शकते. "मी दुरुस्ती केली तरी फरक पडत नाही" अशी तक्रार मॅकवरून आली की मी आधी जुन्या प्रती शोधायला सांगतो. लिनक्सवर डेस्कटॉप फाइल, तिच्यातली स्कीम-हँडलरची ओळ आणि डेस्कटॉपचा डेटाबेस ताजा करणारी कमांड एवढे पुरते. मात्र ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) आपणहून काहीच नोंदवत नाही, हे लक्षात ठेवा.

पोहोचण्याच्या टेबलावर तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे: विंडोज आणि लिनक्स लिंक देतात ती नवी प्रोसेस सुरू करून, आर्ग्युमेंट म्हणून, मॅक देतो ती चालू असलेल्या ॲपला घटना म्हणून. विंडोजवर म्हणूनच प्रत्येक क्लिकला नवी प्रत उघडते. तिथे सिंगल इन्स्टन्स लॉक घ्यावा लागतो. ज्या प्रतीला लॉक मिळत नाही तिने लगेच बंद व्हायचे, आणि पहिल्या प्रतीला "सेकंड इन्स्टन्स" या घटनेतून तिची आर्ग्युमेंट मिळतात. इथे पुष्कळ जण शेवटचे आर्ग्युमेंट म्हणजेच लिंक असे गृहीत धरतात. ते धरू नका. इलेक्ट्रॉनच्या आतले ब्राउझर इंजिन, म्हणजे क्रोमियम, मधेच स्वतःचे स्विच (पर्याय सांगणारी आर्ग्युमेंट) घालतो आणि क्रमही बदलू शकतो. प्रत्येक आर्ग्युमेंट तपासून आपल्या स्कीमने सुरू होणारे नेमके एकच निवडावे, आणि एकाहून अधिक सापडली तर सगळीच नाकारावीत.

मॅकवर तुमचा कोड आर्ग्युमेंटमध्ये लिंक शोधतो आहे, आणि ती तिथे कधीच येणार नाही. इलेक्ट्रॉनची "ओपन यूआरएल" ही घटना ऐकावी लागते. टूल बंद असताना लिंकमुळेच ते सुरू झाले, तर ही घटना "रेडी"च्याही, म्हणजे ॲप तयार झाल्याच्या घटनेच्याही, आधी येऊ शकते, म्हणून ऐकणारा कोड फाइलच्या अगदी वर, "रेडी"ची वाट न पाहता बसवावा. "टूल पुढे येते पण फाइल उघडत नाही" याचा अर्थ सहसा हाच असतो की निरोप आला तेव्हा दारात कोणी नव्हते.

यावरून निघणारी रचना मी प्रत्येक टूलमध्ये वापरतो. आर्ग्युमेंटमधून आलेली, दुसऱ्या प्रतीकडून आलेली आणि मॅकच्या घटनेतून आलेली, अशी कोणतीही लिंक एकाच फंक्शनकडे जाते, ते फंक्शन तिला एका रांगेत ठेवते, आणि मुख्य विंडोने "माझा प्रकल्प लोड झाला" असे कळवल्यावरच रांग उपसली जाते. विंडो दिसणे आणि प्रकल्प लोड होणे यांच्यात मोठ्या प्रकल्पात कित्येक सेकंद जातात. तेवढ्यात ओळ क्रमांक 240 वर जा असे सांगितले तर एडिटरकडे अजून फाइलच नसते. तुमच्या सहकाऱ्याने टाकलेला दोन सेकंदांचा टाइमर हा याच दुखण्यावरचा लेप आहे. प्रकल्प वाढला की तो अपुरा पडेल.

आता वाचण्याचे टेबल, म्हणजे तुमचे मराठी फोल्डर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत हे मिळत नाही आणि आपल्याला मात्र रोज भोगावे लागते.

देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइटचे असते आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे अशा 3 जागा घेतो, म्हणजे एका चिन्हाला 9 जागा. "नागपूर" या शब्दात काना आणि ऊकार धरून 6 चिन्हे आहेत, तो लिंकमध्ये 54 अक्षरांचा होतो. "दुसऱ्या टप्प्याचे काम" या तीन शब्दांच्या फोल्डरचे लिंकमध्ये 177 अक्षरांचे नाव होते. विंडोजवर लिंकची एकूण लांबी सुमारे 2000 अक्षरांच्या आत ठेवणे हिताचे असते, त्यामुळे चार-पाच पातळ्या खोल मराठी पाथ आणि जोडीला एखादा शेरा एवढ्याने ती मर्यादा जवळ येते. तुमच्या काही लिंक चालतात आणि काही चालत नाहीत, त्यामागे हे एक कारण असू शकते; नोंदवहीत अर्धवट तुटलेली लिंक दिसली तर तेच कारण समजा.

दुसरे कारण अधिक लपलेले आहे. "दुसऱ्या" या शब्दातला अर्धा र, म्हणजे ज्याला आपण रफाराहून वेगळा, डोळ्याच्या पापणीसारखा आडवा लिहितो तो, संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. कोणता कीबोर्ड वापरला यावर कोणता प्रकार येणार हे ठरते, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली तर पहिला प्रकार स्वतःहून फोडून दुसऱ्या प्रकारात साठवत असे. म्हणजे विंडोजवर तयार झालेली लिंक मॅकवर गेली की अक्षरे तीच दिसतात आणि बाइट वेगळे असतात. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणला तर पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा मात्र तसाच वेगळा राहतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते वेगळेच लेखन आहे. "पुऱ्या", "कोपऱ्यातला", "वाऱ्यावर" असे कितीतरी शब्द आपण सहज लिहितो, त्यामुळे ही अडचण क्वचित येणारी म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की लिंकमध्ये फोल्डरचे नावच घालू नका. प्रत्येक प्रकल्पाला एक छोटा रोमन ओळख-क्रमांक द्या, तो प्रकल्पातल्याच एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा, आणि लिंकमध्ये तो क्रमांक, प्रकल्पाच्या मुळापासूनचा सापेक्ष पाथ आणि ओळ एवढेच पाठवा. कोणत्या क्रमांकाचा प्रकल्प या संगणकावर कुठे आहे हे टूलला आधीच ठाऊक असते. यामुळे लांबी कमी होते, प्रकल्पाच्या नावातल्या ऱ चा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि तुमच्या डी ड्राइव्हवरचा पाथ सहकाऱ्याच्या सी ड्राइव्हवर सापडत नाही ही न लिहिलेली पाचवी तक्रारही निकालात निघते. आतल्या फाइलींची नावे मराठी असतील तर तेवढ्यापुरता एनएफसीचा उपाय ठेवावा.

वाचण्याच्या बाबतीत आणखी काही बारकावे आहेत. लिंक स्वतः तुकडे करून वाचू नका, यूआरएलचा तयार पार्सर (लिंकचे भाग वेगळे करणारा कोड) वापरा. मात्र दोन तिरक्या रेघांनंतरचा पहिला भाग, म्हणजे होस्टची जागा, कोणी लहान लिपीत बदलतो, कोणी शेवटी आणखी एक रेघ जोडतो, आणि जुने क्रोमियम तर अपरिचित स्कीममध्ये होस्ट वेगळा काढतच नसे, सगळे पाथमध्येच धरत असे. म्हणजे एकाच ॲपच्या मुख्य प्रोसेसमध्ये नोडचा (इलेक्ट्रॉनमधल्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाचा) पार्सर एक उत्तर देई आणि विंडोतला दुसरे. तिथे फक्त "उघड" यासारखा साधा क्रियावाचक शब्द ठेवा आणि बाकी सगळे प्रश्नचिन्हापुढे नावानिशी द्या. टक्केचिन्हे एकदाच उलगडा. दोनदा उलगडलीत तर नावातच टक्केचिन्ह असलेली फाइल हाती लागणार नाही. आणि वेबपानाने लिंक बनवताना नुसती जोडाजोड केली असेल तर "सी++" नावाच्या फोल्डरातली दोन्ही अधिकचिन्हे टूलकडे रिकाम्या जागा होऊन पोहोचतात, कारण प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकचिन्हाचा अर्थ रिकामी जागा असाच घेतला जातो.

इथपर्यंत टूल नीट चालावे याचा विचार झाला. पण लिंक तुमच्याच पानावरून आली आहे हे टूलला कधीच कळत नाही. एकदा स्कीम नोंदली की इंटरनेटवरचे कोणतेही पान, कोणताही ईमेल, कोणतेही डॉक्युमेंट तुमच्या टूलच्या दारावर थाप मारू शकते. लिंक हा अनोळखी माणसाचा अर्ज आहे असे धरूनच तो वाचावा लागतो.

हे कागदोपत्री भय नाही. जानेवारी 2018 मध्ये इलेक्ट्रॉनमध्येच सीव्हीई-2018-1000006 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांची सार्वजनिक यादी) हा दोष सापडला. विंडोजवर स्वतःची स्कीम नोंदवणाऱ्या ॲपना अशी लिंक पाठवता येत होती की तिच्यातले अवतरणचिन्ह आर्ग्युमेंट मध्येच तोडे आणि पुढचा मजकूर क्रोमियमचे स्विच म्हणून वाचला जाई. त्या स्विचमधून हवा तो प्रोग्राम चालवता येई. 1.6.16, 1.7.11 आणि 1.8.2 च्या चौथ्या बीटात तो दुरुस्त झाला. त्या वेळी सांगितलेला तात्पुरता उपाय म्हणजे नोंदीतल्या कमांडमध्ये लिंकच्या आधी -- घालणे, ज्यामुळे पुढचे काहीच स्विच मानले जात नाही. आजही मी ते घालतो. दोन रेघांना खर्च तो काय. 2022 मध्ये फॉलिना या नावाने गाजलेला सीव्हीई-2022-30190 हा दोष मायक्रोसॉफ्टच्या निदान टूलच्या स्कीममधून आला होता: वर्डच्या डॉक्युमेंटमधून त्या स्कीमला हाक मारून आज्ञा चालवता येत होत्या, आणि दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय त्या स्कीमची रजिस्ट्रीतली कीच काढून टाकणे हा होता. ज्यांनी ही टूल लिहिली ते नवशिके नव्हते.

तुमच्यापुरते याचे चार परिणाम होतात. नोंदीतल्या कमांडमध्ये बॅच फाइल किंवा कमांड प्रॉम्प्ट कधीच घालू नका, कारण लिंकमधले & हे साधे विभाजकचिन्ह तिथे नवी आज्ञा सुरू करते. सापेक्ष पाथ प्रकल्पाच्या मुळाशी जोडून, सिमलिंकसकट (दुसऱ्या जागी नेणाऱ्या दुव्यांसकट) पूर्ण उलगडून, मगच तो प्रकल्पाच्या आत आहे का हे पाहा. नुसते दोन बिंदू शोधून भागत नाही. विंडोजवर दोन उलट्या रेघांनी सुरू होणारे नेटवर्कचे पाथ सरळ नाकारा, कारण अशी फाइल उघडायचा नुसता प्रयत्न केला तरी विंडोज त्या दूरच्या सर्व्हरला वापरकर्त्याची ओळख पटवण्याचे तपशील पाठवू शकते. आणि ज्या कृतीने संगणकावर काही बदलते, म्हणजे रिपॉझिटरी आणणे, प्लगइन बसवणे, बिल्ड चालवणे, ती वापरकर्त्याला विचारल्याशिवाय करू नका. फाइल उघडून ओळ दाखवणे विचारल्याशिवाय चालेल की नाही हे तुमच्या टूलवर अवलंबून आहे. प्रकल्प उघडताच आपोआप काही चालवणारे टूल असेल तर तिथेही विचारावे लागेल. नुसते वाचायला उघडणारे असेल तर मी विचारत नाही, कारण प्रत्येक क्लिकला प्रश्न आला की माणूस न वाचता "हो" दाबायला शिकतो. लिंकमधून थेट आज्ञेचा मजकूर घेण्याची सोय मात्र कोणत्याच परिस्थितीत ठेवू नये, "फक्त आपल्याच टीमसाठी" असे कोणी कितीही सांगितले तरी.

लॉगिनचे उत्तर यातूनच निघते. टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याचा पुरावा, लिंकमध्ये घालू नका. तुमच्या स्कीमची पाटी दुसऱ्याने लावली असेल तर टोकन त्याच्याकडे जाईल. डेस्कटॉप ॲपसाठीची शिस्त 2017 च्या आरएफसी 8252 मध्ये सांगितलेली आहे: लॉगिन बाहेरच्या ब्राउझरमध्ये होऊ द्यावे, परतीच्या वाटेने फक्त अल्पजीवी कोड यावा, आणि तो कोड पीकेसीईच्या साहाय्याने, म्हणजे फक्त मूळ मागणी करणाऱ्या प्रोसेसलाच ठाऊक असलेल्या गुपितासह, टोकनमध्ये बदलून घ्यावा. परतीची वाट म्हणून डेस्कटॉपवर मी कस्टम स्कीमपेक्षा 127.0.0.1 वर (म्हणजे याच संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यावर) तेवढ्यापुरता उघडलेला यादृच्छिक पोर्ट पसंत करतो, कारण तो त्या क्षणी आपल्याच प्रोसेसच्या ताब्यात असतो.

"मग सगळ्याच लिंकसाठी स्थानिक सर्व्हर का नको?" असे तुमच्या सहकाऱ्याने विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. लॉगिनच्या मिनिटभरापुरता उघडलेला पोर्ट आणि कायम चालू ठेवलेला सर्व्हर यांत फरक आहे. जुलै 2019 मध्ये झूमच्या मॅक ॲपने असाच कायमचा सर्व्हर ठेवल्याचे उघड झाले. ॲप काढून टाकले तरी तो मागे राहत होता आणि शेवटी ॲपलने स्वतः अपडेट पाठवून तो हटवला. ब्राउझरने विचारलेला "हे ॲप उघडू का?" हा प्रश्न टाळण्यासाठी तो सर्व्हर होता. तो प्रश्न त्रासदायक असला तरी वापरकर्त्याच्या बाजूने उभा असलेला पहारेकरी आहे, त्याला बगल देऊ नये.

वेबपानाच्या बाजूने थोडेच सांगायचे आहे. टूल इन्स्टॉल आहे की नाही हे ब्राउझर पानाला सांगत नाही, आणि सांगूही नये, कारण त्यावरून माणसाचा माग काढता येतो. विंडोचा फोकस गेला का हे पाहून अंदाज बांधणारे कोड मिळतात, ते ब्राउझरच्या दर बदलाला मोडतात. मी बटणाखाली "उघडले नाही? इन्स्टॉलर येथे आहे" अशी ओळ कायम ठेवतो आणि विषय संपवतो. लिंक चॅटमध्ये किंवा ईमेलमध्ये पाठवायची असेल तर अनेक सेवा अपरिचित स्कीमची लिंक काढून टाकतात, त्यामुळे साध्या एचटीटीपीएस पत्त्याचे एक मधले पान बनवा आणि तिथल्या बटणावरून टूलकडे जा.

कामाचा क्रम विचाराल तर आज नोंदवही आणि करंट युजरची सफाई, उद्या लॉक, मॅकची घटना आणि रांग, आणि लिंकची रचना बदलणे त्यानंतर, कारण त्यासाठी पान आणि टूल दोन्हीकडे बदल लागतील. रचना बदलताना लिंकमध्ये आवृत्तीचा एक आकडा आत्ताच घालून ठेवा. जुन्या लिंक लोकांच्या टिपणांत वर्षानुवर्षे राहतात, आणि टूलने त्या पाहून गप्प बसण्यापेक्षा "ही लिंक जुनी आहे" एवढे तरी म्हणावे.

राहिली अनइन्स्टॉलची बाब. टूल काढताना स्कीमची की काढणे आवश्यक आहे, नाहीतर लिंक नसलेल्या प्रोग्रामकडे बोट दाखवत राहते. पण आमच्या एका इन्स्टॉलरमध्ये ही की डोळे मिटून काढली जात होती, आणि ज्यांच्याकडे चाचणीची व मुख्य अशा दोन्ही आवृत्त्या होत्या त्यांनी चाचणीची काढली की मुख्य आवृत्तीच्या लिंकही मेल्या. तेव्हापासून आमचा अनइन्स्टॉलर आधी त्या कीमधला पाथ वाचतो, तो आपल्याच फोल्डरातला असेल तरच कीला हात लावतो, आणि नसेल तर ती जशी आहे तशी सोडून देतो.